कंसातली कॅप्सूल

पत्र थोडक्यात असं. लिहिणाऱ्या बाई ४७ वर्षांच्या, राहायला नेरुळला. आईवडील ठाण्यात, चरईतल्या जुन्या घरात. वडील ७४ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. दिवसातून तीनदा सिंडोपाची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी बंगळुरूच्या धाकट्या भावाला व्हॉट्सॲपवर एक बातमी आली : 'प्रोबायोटिकने पार्किन्सन रोखला, शास्त्रज्ञांचा शोध'. तेव्हापासून तो दर महिन्याला २,४०० रुपयांच्या प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवाणू भरलेल्या, कॅप्सूल पाठवतो. आईने जोडीला ताक सुरू केलं आणि गोळ्याही आता जेवणाच्या ताटावर, ताकाबरोबर देते. वडील म्हणतात, "पोट सुधारलं की गोळ्या सुटतील." पण गेल्या दीड महिन्यापासून दुपारची गोळी नीट लागू पडत नाही, दोन-अडीचपर्यंत खुर्चीतून उठवत नाही. बाईंनी शंका काढली तर भाऊ म्हणाला, "तुला बाबा बरे व्हायला नकोत का?" बाईंना स्वतःला कित्येक वर्षं बद्धकोष्ठाचा त्रास आहे, कोविडनंतर वासही कमी येतो, आणि ही दोन्ही पार्किन्सनची आगाऊ लक्षणं असल्याचं त्यांनी वाचलंय. बाबांना कॅप्सूल द्यायची का, आपणही आतापासून घ्यायची का आणि भावाला काय सांगायचं, हे त्यांचे तीन प्रश्न. पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य : '(तशी मी गॅससाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेतेच, तीन वर्षं झाली, बाबांचीही चक्करची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे.)'

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कुणीही वाचेल तसं आणि दुसऱ्यांदा केमिस्टच्या नजरेने. मी डॉक्टर नाही. नौपाड्यात औषधांच्या दुकानात काउंटरमागे २७ वर्षं उभा होतो, माझा अधिकार तेवढाच. त्या काउंटरने एक सवय लावली. माणूस काय विचारायला आलाय त्यापेक्षा पैसे देता देता काय बोलून जातो तिकडे कान जातो. "बाकी काही नाही हो, सहज विचारलं," असं म्हणून गिऱ्हाईक जे सांगतं ते बहुतेक वेळा खरं दुखणं असतं. तुमचं सहज विचारलेलं कंसात आहे. तिकडे येतोच. पण घरातलं भांडण भावाच्या कॅप्सूलवरून सुरू झालंय, तर आधी ती कॅप्सूल बघू.

बातमी खोटी नाही, हे भावाच्या बाजूने आधीच कबूल करतो. २०२० च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिंबरा आणि डंडी विद्यापीठांच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग केला सी. एलिगन्स नावाच्या गोल किड्यावर. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग पारदर्शक, आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं आणि अख्ख्या शरीरात मोजून ३०२ मज्जापेशी. पार्किन्सनमध्ये माणसाच्या मेंदूतल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. या किड्यांत तेच मानवी प्रथिन तयार होईल अशी जनुकीय सोय केलेली होती, आणि त्याला चमकणारी खूण जोडलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या ठिपक्यांसारख्या चमकतात, त्या मोजता येतात. मग किड्यांना बॅसिलस सटिलिस या जिवाणूची एक विशिष्ट जात दिली. ठिपके कमी झाले. आधी झालेल्या गुठळ्याही घटल्या. संशोधन म्हणून हे खरोखर सुंदर काम आहे.

आता व्हॉट्सॲपवर न आलेला तपशील. हा किडा जिवाणू खाऊनच जगतो. प्रयोगशाळेत त्याचा रोजचा खुराक म्हणजे ई. कोलाय हा दुसरा एक जिवाणू. संशोधकांनी खुराक बदलला. म्हणजे त्या किड्याच्या दृष्टीने प्रोबायोटिक ही जेवणानंतरची कॅप्सूल नव्हतीच, ते त्याचं जेवण होतं. सकाळचे पोहे तेच, दुपारचं वरणभात तेच, रात्रीची खिचडी तीच. आणि मोजलेले ते ठिपके होते किड्याच्या स्नायूंत. बाबांच्या मेंदूच्या तळाशी डोपामिन हे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन बनवणाऱ्या ज्या पेशी हळूहळू जाताहेत, त्यांच्यापासून हे बरंच लांब आहे.

मग उंदरांचं काय? त्यांच्यावरही बरंच काम झालंय. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत अल्फा-सिन्यूक्लिन जास्त बनवणारे उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले. पोटात एकही जिवाणू नसलेल्या त्या उंदरांच्या हालचाली बऱ्या राहिल्या. त्यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू दिले तेव्हा त्रास वाढला; निरोगी माणसांचे दिले तेव्हा तितका वाढला नाही. पोटाचा आणि या आजाराचा संबंध आहे, हे सांगणारा हा मोठा पुरावा. पण नीट बघा, त्यात फायदा झाला तो जिवाणू नसल्याचा! यावरून 'निर्जंतुक पोट' नावाची कॅप्सूल कुणी काढली नाही, कारण ती खपणार नाही.

काही प्रयोगांत उंदरांना एमपीटीपी हे विष देतात. या विषाची ओळख झाली तीच विचित्र. १९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळीची नशा टोचून घेतलेली तरुण मुलं एकाएकी पार्किन्सनच्या म्हाताऱ्यासारखी जखडून गेली, तेव्हा. उंदरात ते काही दिवसांत डोपामिनच्या पेशी मारतं. अशा उंदरांना प्रोबायोटिक दिल्यावर जास्त पेशी वाचल्याचे अहवाल आहेत. पण अशा प्रयोगांत रक्षण करणारी गोष्ट बहुधा विषाच्या आधी किंवा बरोबरीने देतात. बाबांचा आजार विषासारखा चार दिवसांत आलेला नाही. हात पहिल्यांदा थरथरला तोवर त्या पेशींचा मोठा भाग गेलेला असतो, आणि त्यालाही आता तीन वर्षं झाली. मे महिन्यात गच्चीला डांबर फासणं आणि जुलैत हॉलमध्ये बादल्या लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. बाबांच्या घरी जुलै चालू आहे.

आणि उंदरात जमलं ते माणसात जमेलच असंही नसतं. को-एन्झाइम क्यू-१० या पूरकाची गोष्ट मला चांगली आठवते, कारण लोक ते माझ्याकडून विकत नेत होते. एमपीटीपी दिलेल्या उंदरांत त्याने पेशी वाचल्या होत्या. मग ६०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली आणि उपयोग दिसत नाही म्हणून मध्येच थांबवली. निष्कर्ष २०१४ साली छापून आले. क्रिएटिन या दुसऱ्या पूरकाचं तेच. १,७४१ रुग्णांवर काही वर्षं चाचणी चालली, २०१५ साली उत्तर आलं : फरक नाही. छापून आल्यानंतरही दुकानात क्यू-१० मागायला लोक येतच होते. मी विकतही होतो, हेही सांगून टाकतो.

तर आजच्या घडीला कुठलंही प्रोबायोटिक माणसात पार्किन्सन टाळतं, थांबवतं किंवा मागे फिरवतं, असं सिद्ध झालेलं नाही. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं जास्त कामाचं आहे, कारण भावाचं एक म्हणणं बरोबर आहे : पोटाकडे बघायला हवं. मात्र त्याने धरलेलं कारण चुकीचं आहे.

जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या 'थरथरत्या पक्षाघाता'वर निबंध लिहिला, त्यातही रुग्णांच्या बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे. २००३ साली जर्मनीच्या हायको ब्राक यांनी मांडलं की काही रुग्णांत हा आजार आतड्याच्या मज्जातंतूंत आधी सुरू होऊन वेगस या लांबलचक मज्जातंतूच्या वाटेने वर मेंदूकडे जात असावा. यावर अजून वाद आहेत. पण पार्किन्सनमध्ये आतडं मंदावतं, जठरही हळू रिकामं होतं, यावर वाद नाही. आणि बाबांचं सगळं औषध त्याच मंद वाटेने जातं.

आता त्यांची दुपार डोळ्यांसमोर आणा. पत्रात तुम्ही लिहिलंय की दीड महिन्यापासून दुपारची गोळी लागू पडत नाही. तुम्हाला वाटतं आजार वाढला. भावाला वाटत असणार कॅप्सूलला अजून वेळ द्यायला हवा. आणि त्याच पत्रात चार ओळी वर आहे की दोन महिन्यांपासून आई गोळी ताटावर देते, ताकाबरोबर. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

सिंडोपातलं लेव्होडोपा (मेंदूत त्याचंच डोपामिन बनतं) लहान आतड्यात शोषलं जातं ते प्रथिनातल्या अमिनो आम्लांच्याच दारातून. मेंदूत शिरतानाही तोच प्रकार. दार एक आणि गर्दी दोघांची. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सहाला नेरुळ गाडीत चढून बघितलंय ना? तसंच. पातळ ताकात प्रथिन फार नसतं, एकट्या ताकाला दोष देऊ नका. पण ताक जेवणाबरोबर आलं आणि गोळी ताकाबरोबर, म्हणजे गोळी जेवणात गेली. जेवणात आमटी आहे, मटकीची उसळ आहे, वर दह्याची कोशिंबीर. गोळी बिचारी फलाटावरच राहिली.

म्हणून पहिलं काम हे करा. लेव्होडोपाची गोळी सहसा जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. उपाशीपोटी मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट किंवा मूठभर चुरमुरे चालतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय वेळ लिहिली आहे ती बघा, नसेल तर त्यांना फोन करून विचारा. आईला 'ताक बंद' असं मात्र सांगू नका. तिने ते जीव लावून सुरू केलंय आणि ताकाने काही बिघडत नाही. फक्त गोळी साडेबाराची आणि ताक सव्वाचं, एवढंच. डाळी-उसळीही कमी करू नका; या वयात स्नायू राखायचे तर प्रथिन हवंच. वेळ बदलूनही भागलं नाही तर प्रथिनाचा जास्त वाटा रात्रीच्या जेवणात ठेवायचा का, ते डॉक्टर ठरवतील.

एक दोनशे पानी वही घ्या. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, बाबा कधी सुटे झाले आणि कधी जखडले, संडास झाली का. एका दिवसाला एक ओळ पुरे. दोन आठवड्यांची ही वही न्यूरोलॉजिस्टच्या टेबलावर ठेवलीत तर पाच मिनिटांच्या भेटीत पंधरा मिनिटांचं काम होतं. बहुतेक घरांतून डॉक्टरांना काय ऐकू येतं? "हल्ली जरा जास्तच झालंय." त्यावर ते बिचारे डोस वाढवण्यापलीकडे काय करणार?

बद्धकोष्ठाचंही लगेच बघा, कारण पोट तुंबलेलं असलं की गोळीचा परिणाम आणखी बेभरवशाचा होतो. बाबा पाणी कमी पितात का, हे आईला विचारा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पाणी जवळजवळ सोडलं होतं. रात्री बाथरूमपर्यंत चालत जायची त्यांना भीती वाटायची, आणि हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दिवसा, संध्याकाळी सहापर्यंत भरपूर पाणी आणि नंतर बेताने, असं केलं की ही भीती जाते. पेरू, भिजवलेले काळे मनुके, पालेभाजी, ज्वारीची भाकरी हे तुम्हाला मी सांगायला नको. इसबगोल चालतं, पण पाणी पुरेसं पीत असतील तरच. कमी पाण्यात ते उलटं अडकून बसतं. तरी जमलं नाही तर पाणी धरून ठेवून शौच मऊ करणारी औषधं डॉक्टर देतात. 'सवय लागेल' म्हणून घाबरून ती टाळू नका.

आणि इथे, फक्त इथे, भावाच्या कॅप्सूलला थोडी जागा आहे. पार्किन्सनच्या रुग्णांच्या बद्धकोष्ठावर प्रोबायोटिकच्या चाचण्या माणसांत झाल्या आहेत. मलेशियात ७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चार आठवड्यांत शौचाचं प्रमाण सुधारलं. इटलीत २०१६ साली १२० रुग्णांना चार आठवडे प्रोबायोटिक आणि तंतू घातलेलं आंबवलेलं दूध दिलं, तिथेही फरक दिसला. या चाचण्या लहान आहेत आणि थोड्या दिवसांच्या आहेत, आणि त्यांत तपासलं ते पोट. मेंदूचं रक्षण होतं का, हा त्यांचा विषयच नव्हता.

मात्र भावाने पाठवलेल्या डबीवर नक्की काय लिहिलंय ते वाचा. जिवाणूचं नाव सिडकोच्या पत्त्यासारखं असतं. 'नेरुळ' एवढ्यावर पत्र पोहोचत नाही, सेक्टर लागतो, प्लॉट लागतो, शेवटी फ्लॅट नंबरही लागतो. 'बॅसिलस' झालं नेरुळ, 'सटिलिस' झाला सेक्टर आणि त्यापुढचा अक्षर-आकड्यांचा जातीचा क्रमांक म्हणजे फ्लॅट. किड्यांना दिली ती एका फ्लॅटमधली जात. शेजारच्या फ्लॅटमधला माणूस तेच काम करेल असं धरून चालता येत नाही. आपल्या बाजारातल्या कितीतरी डब्यांवर फ्लॅट नंबरच नसतो, आणि जिवाणू तर नेरुळ सोडून भलत्याच उपनगराचे असतात. बघून झालं की डबी उलटी करा. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरांत सापडेल. ती ओळ कायद्याने छापावी लागते. व्हॉट्सॲपवर बातमी पाठवणाऱ्याला असलं कुठलं बंधन नाही.

नुकसान तर नाही ना, असं भाऊ विचारेल. बहुतेक माणसांत नाही. पोट फुगणं, वात सरणं एवढंच. पण 'जिवाणू चांगले, म्हणजे सगळ्यांना चांगले' हे खरं नव्हे. २००८ साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांवर चाचणी झाली, त्यात प्रोबायोटिक दिलेल्या गटात मृत्यू दुपटीहून जास्त झाले. ते फार आजारी रुग्ण होते, बाबांची तुलना त्यांच्याशी नाही. तरी कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणखी एक गंमत : २०१९ साली असं दिसलं की आतड्यात राहणारा एन्टेरोकॉकस फीकॅलिस हा जिवाणू लेव्होडोपाचं तिथल्या तिथेच विघटन करू शकतो. म्हणजे पोटातले काही भाडेकरू बाबांची गोळी मधल्या मध्ये खातात. हे सगळं जग एवढं गुंतागुंतीचं आहे की 'चांगले जिवाणू वाढवा' हे वाक्य मला 'चांगली माणसं निवडून द्या'सारखंच वाटतं.

"गोळ्या सुटतील" हे बाबांचं वाक्य मात्र मला झोपू देणार नाही. लेव्होडोपा एकाएकी थांबवणं धोक्याचं आहे. अंग लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, थेट आयसीयूपर्यंत जावं लागतं. पुढच्या खेपेला चरईला जाल तेव्हा पाकिटातल्या गोळ्या मोजा. बाबांवर पाळत ठेवायची म्हणून नाही. पोट साफ झाल्याच्या आनंदात त्यांनी एखादी हळूच वगळलेली असू शकते, आणि दुपारच्या जखडण्याचं तेही एक कारण असेल. कुणी शेजाऱ्याने कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीचं चूर्ण सुचवलं असेल तर तेही विचारा. त्या बियांत खरंखुरं लेव्होडोपा असतं, १९३७ सालीच भारतीय शास्त्रज्ञांनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. म्हणूनच गोळीच्या जोडीला गुपचूप चूर्ण म्हणजे मोजमाप नसलेला दुसरा डोस.

आता तुमच्याबद्दल.

बद्धकोष्ठ आणि वास कमी होणं ही दोन्ही पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात, हे तुम्ही बरोबर वाचलंत. पण ते वाक्य उलटं फिरवून वाचू नका. पार्किन्सन झालेल्या अनेकांना आधी बद्धकोष्ठ होतं. बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन कधीच होत नाही. तसं असतं तर सकाळी साडेसातची गाडी पकडायला संडासाला घाई करणारी निम्मी नवी मुंबई रांगेत उभी असती. वास तर तुमचा कोविडनंतर गेला, त्याला कारण समोर आहे. जवळच्या नात्यात आजार असला की धोका थोडा वाढतो हे खरं, पण बहुसंख्य रुग्णांत थेट आनुवंशिक कारण सापडत नाही. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं, एकाच बाजूचा हात चालताना न हलणं, अक्षर बारीक बारीक होत जाणं, असं काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. नाहीतर रात्री बारा वाजता लक्षणं शोधणं बंद करा.

आतापासून प्रोबायोटिक? नको. टाळण्यासाठी म्हणून त्याला आज आधार नाही. धोका कमी असण्याशी ज्याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसलाय ती गोष्ट म्हणजे घाम येईपर्यंतचा व्यायाम, आणि त्याने तुमचं बद्धकोष्ठही सुधारेल. नेरुळला पामबीचच्या बाजूला पहाटे चालायला जागा आहे, तुमच्याकडे तर सबबसुद्धा नाही.

आणि आता तो कंस.

गॅससाठी रोज सकाळी घ्यायची ती कॅप्सूल माझ्या माहितीची आहे. नाव माहीत नाही, पण जात माहीत आहे. आमच्या काउंटरवर लोक पाकीट न दाखवता मागायचे, "ती सकाळची द्या, लाल-पिवळी". अशा कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणारं एक औषध असतं आणि जोडीला पोटाची हालचाल वाढवणारं दुसरं. ते दुसरं काय आहे ते पाकिटाच्या मागे वाचा. डॉम्पेरिडोन असेल तर ते मेंदूत फारसं शिरत नाही. (तीन वर्षं रोज घ्यायचं का, हा प्रश्न तरीही उरतोच.) पण लेव्होसल्पिराइड असेल, तर ते मेंदूतलं डोपामिनचं काम अडवू शकतं. मळमळीसाठी दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. अशी औषधं महिनोन्‌महिने चालली तर काही जणांना कंप, ताठरपणा, मंद हालचाल असं हुबेहूब पार्किन्सनसारखं होतं. चक्करच्या गोळ्यांचंही तेच : सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन. दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेल्या या गोळ्या आमच्याकडून लोक पाच-पाच वर्षं नेत. जुनी चिठ्ठी पुढे करायची आणि दोन पाकिटं न्यायची. देणाऱ्यांत मीही होतो. चक्कर कधीच थांबलेली असायची.

बाबांची चक्करची गोळी पाच वर्षांची, निदान तीन वर्षांचं. यावरून बाबांना पार्किन्सन नाहीच असं मी म्हणत नाही. खरा आजार असतानाही ही गोळी त्यात भर घालू शकते, एवढंच म्हणतो. औषधामुळे आलेली लक्षणं औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बऱ्याचदा ओसरतात. पण न्यूरोलॉजिस्टला ती गोळी चालू आहे हे माहीतच नसेल, कारण ती दिलेली गल्लीतल्या डॉक्टरांनी आणि घरात तिला कुणी औषध मानत नाही. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका, त्यांना दाखवा. पत्रात तुम्ही भावाच्या कॅप्सूलवर दोन पानं लिहिलीत आणि ही दोन्ही औषधं कंसात टाकलीत. नवीन वस्तूवर आपण शंका घेतो. रोजची वस्तू भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी दिसेनाशी होते.

भावाचं. त्याला किडा, उंदीर, क्यू-१० हे सगळं ऐकवायला जाऊ नका. तुम्ही जिंकाल आणि तो आणखी दुखावेल. त्याची अडचण वेगळी आहे. तुम्ही दर आठवड्याला गाडीने चरईला जाता, आईला भाजी निवडून देता, बाबांची नखं कापता. त्याला बंगळुरूहून एवढंच करता येतं की काहीतरी पाठवावं. 'तुला बाबा बरे व्हायला नकोत का' हे तुमच्यावर फेकलेलं वाक्य मला त्याने स्वतःलाच विचारल्यासारखं वाटलं. तेव्हा त्याला सांगा, "कॅप्सूल एक महिना ठेवू, डॉक्टर हो म्हणाले तर. फक्त बद्धकोष्ठासाठी. वहीत लिहू. पोटात फरक दिसला तर चालू, नाही दिसला तर थांबवू." वही त्याच्याकडेच द्या, रोज रात्री तो फोन करून आईला विचारेल आणि मोबाइलवर लिहून ठेवेल. आईला रोज मुलाचा फोन येईल, हा फायदा कुठल्याच डबीवर छापलेला नसतो. आणि महिन्याने कॅप्सूल थांबल्या, तर त्याचे वर्षाचे २८,८०० रुपये घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे वळवायला सांगा. चालताना पाऊल अडखळणं, खुर्चीतून उठणं, तोल सावरणं यांवर व्यायामाचा फायदा माणसांत दिसलेला आहे. बाबांना तलावपाळीला फिरायला न्यायचं तर सकाळी न्या. संध्याकाळी भेळपुरीच्या गर्दीत त्यांचे पाय जागीच थिजतील.

तुम्हाला आणि आईला दोन माणसं बोलायला हवी असतील तर पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था मुंबईत २००१ पासून काम करते. रुग्ण आणि घरच्यांचे गट ते चालवतात. तुम्हाला जवळचा कुठला ते विचारून घ्या. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे.

डॉक्टरांच्या पुढच्या तारखेला चरईच्या घरातली सगळी औषधं एका कापडी पिशवीत भरा. फ्रिजवरची, देवघराच्या खणातली, बाबांच्या उशाखालची, भावाची डबी, चूर्ण असेल तर चूर्णही. यादी करू नका, पाकिटंच न्या. यादीत माणूस जे औषध मानतो तेवढंच येतं. आणि त्या सकाळी नेरुळहून निघताना तुमची गॅसची कॅप्सूलही पर्समध्ये टाका.